डबा रिकामा आला तर

तामलवाडी

‘माकणीला? तिथं काय आहे बघायला?’ निघण्याआधी जो तो मला हेच विचारत होता. मी बघायला चाललेच नव्हते. मी एका वाक्याचा जाब विचारायला चालले होते.

वाक्य असं: ‘ज्येष्ठांच्या आयुष्यात आनंद फुलवणे.’ लोहारा तालुक्यात माकणीला एक छोटी संस्था आहे. मुलं नोकरीला लांब गेलेली आणि गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांना ती दुपारच्या जेवणाचा डबा घरपोच देते. पुण्यातला आमचा ट्रस्ट तिला मदत करतो. अर्जात ‘उद्दिष्ट’ असा एक रकाना असतो, आणि त्यात या मंडळींनी दरवर्षी हा आनंद फुलवून ठेवलेला. आता आनंद फुलला की नाही हे मोजायचं कसं? कुंडी आहे का ती? माझी सारी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. तिथं माणूस मेला एवढं सांगून भागत नाही, दाखला लागतो. असले गुळगुळीत शब्द वाचले की माझं डोकं तापतं.

समितीनं ठरवलं की यंदा एक तरी स्पष्ट, मोजता येईल असं उद्दिष्ट आलं तरच मदत पुढे चालू. मदत थांबली की तिथली चूल थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘तुम्हीच जाऊन या, तुम्हाला वेळ असतो,’ चिटणीस म्हणाले. मला ते झोंबलं, पण खोटं नव्हतं.

सोलापूर सोडलं आणि तामलवाडीजवळ एसटी पंक्चर झाली. जॅक सापडेना. कंडक्टर ड्रायव्हरवर आणि ड्रायव्हर डेपोवर खेकसत होता. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आलेली, ऊन खायला बरं वाटत होतं. शेजारच्या सीटवरची बाई बांधावर बसली, फडकं सोडलं आणि मला न विचारताच भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वर करडईची भाजी.

‘कुणाकडं चाललाव?’

‘कामाला.’

‘घरी कोण कोण असतंय?’

‘मी.’

‘आन्?’

‘मीच.’

तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि आणखी एक चतकोर ठेवला. पुण्यात आमच्या मजल्यावर समोर राहणाऱ्या जोडप्याचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. इथं एका पंक्चरमध्ये बाईनं माझं सगळं घर विचारून घेतलं. मला थोडा रागच आला. पण भाजी फार चांगली होती.

माकणी

माकणी धरणाच्या काठचं गाव. निम्न तेरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं, आणि बगळे काठावर निवांत उभे असतात. भूकंपानंतर बांधलेली घरं ओळीत, रस्ते सरळ. पत्ता विचारला तर मात्र कुणी ओळ सांगत नाही, ‘लिंबापासनं म्होरं’ असंच सांगतात.

संस्था म्हणजे कुसुमताईंच्या घराला लागून एक पत्र्याची शेड. कुसुमताई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, बोलताना हातातलं उलथणं हलत राहतं. त्या स्वयंपाक बघतात आणि संस्थाही बघतात. डबे पोचवते शमीम. तिशीची, स्कूटीवर पुढे-मागे पिशव्या लावून गावभर फिरते. म्हाताऱ्या तिला ‘शमे’ म्हणून हाक मारतात आणि उशीर झाला तर शिव्याही देतात.

आल्या आल्या जेवण. ‘आदी जेवा, मग काय रागवायचं ते रागवा,’ कुसुमताई म्हणाल्या. मी रागवायला आलेय हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आमटी झणझणीत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून शमीमनं गपचूप दह्याची वाटी सरकवली.

जेवण झाल्यावर मी विषय काढला.

‘माणसं हे जेवण जेवतात कशावरून?’

‘जेवत्यात की!’

‘पण कशावरून?’

‘तोंडावरनं कळतंय की ओ मॅडम.’

‘तोंड अर्जात लिहिता येत नाही.’

कुसुमताई हसल्या. मी हसले नाही, मग त्यांनी उलथणं खाली ठेवलं. ‘मॅडम, ही चूल बंद पडली तर ही माणसं कशी खातील, एवढंच मला ठावं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी सांगा कसं लिवायचं, तसं लिवू.’ त्यांचा खणखणीत आवाज एकदम उतरला होता.

दुपार कलल्यावर शमीम डबे गोळा करून आली. मी एकेक उघडून बघितला. एकात हरभऱ्याचे डहाळे. एकात लिंबू. एकात कागदाच्या पुडीत तंबाखू, ती म्हणे कुसुमताईंच्या मालकांसाठी. एकात कापसाच्या वाती, सगळ्या एका मापाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. एकात अर्धी भाकरी होती, ती मात्र खरंच उरलेली.

शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे माझ्या आईकडेही होतं. पण तो शेजार झाला. ही संस्था होती, आणि मला आकडा हवा होता. डबा रिकामा आला म्हणजे जेवण पोटात गेलं. याहून साधं मोजमाप कुठलं? रोज बघता येतं, कुणालाही कळतं, वाद नाही. भिंतीवरच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं: ‘सर्व डबे रिकामे परत.’

‘आन् हे लिंबू-बिंबू?’ कुसुमताईंनी विचारलं.

‘ते बंद करायला सांगा. मोजताना गोंधळ होतो.’

‘वाती पन?’

‘वातीसुद्धा.’

त्यांनी शमीमकडे बघितलं. शमीमनं ओढणी नीट केली आणि खाली बघितलं. तेव्हाच मला विचारायला हवं होतं की काय झालं. पण मी फळ्यावरच्या माझ्या अक्षराकडे बघत होते, छान आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धरणावर फिरून आले. भोयाची पोरं तराफ्यावर जाळी सुकवत होती, एक म्हातारा मला मासा घ्या म्हणून मागे लागला. मी खात नाही म्हटलं, तर ‘मग धरणावर कशाला आलाव?’ म्हणाला. परत येते तो डबे आलेले. सगळे रिकामे! नुसते रिकामे नाहीत, घासून पुसून लख्ख. कुसुमताईंनी सकाळीच शमीमला घरोघर पाठवलं होतं: पुण्याच्या मॅडम बघायल्यात, डब्यात काडीसुद्धा दिसली नाही पाहिजे, नाहीतर चूल बंद होईल. शंभर टक्के. मी खूश होऊन चिटणीसांना फोनच लावला. तेही खूश झाले.

कुसुमताई तेवढ्या खूश दिसल्या नाहीत. रिकामे डबे त्या ओळीनं मांडत होत्या आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या दिवशी शमीम दुपारीच परत आली. एक डबा भरलेलाच होता.

‘साखरबाईनी दारच लावून घेतलं,’ ती म्हणाली. ‘म्हनल्या, उद्यापास्नं येऊ नको. अन् खालच्या आळीचे दोघं बी म्हनायलेत, आमचा पन बंद करा.’

शमीम एवढी स्कूटीवर हुंदडणारी मुलगी, पण भरलेला डबा धरून ती दारातच उभी राहिली. साखरबाई कोण, ते कुसुमताईंनी सांगितलं. वाती पाठवणाऱ्या त्याच. ऐंशीच्या पुढच्या. मुलगा हैदराबादेत. मागच्या पावसाळ्यात पडल्या, उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. त्या हातानं पीठ मळता येत नाही, तवा उचलत नाही. डबा नसला तर गरम काही पोटात जायचं नाही.

‘चला,’ मी म्हणाले.

‘तुमी नगा येऊ,’ कुसुमताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘या. तुमीबी ऐका.’

साखरबाईंनी आम्हाला घरात घेतलं. पाणी दिलं. चटई अंथरली. कोपऱ्यात चूल थंड, आणि ताटलीत पाण्यात भिजवलेली शिळी भाकरी. त्यांनी ती ताटली हळूच पदराआड सरकवली.

‘च्या टाकते. बसा. डब्याचं मात्र बोलू नगा.’

‘आजी, माझं चुकलं,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘तुमी डबा घ्या.’

‘कशी घेऊ? आमच्या घरातनं भांडं रिकामं जात न्हाय. भूकंपात घर पडलं, तवा ढिगातनं शेजारणीचं पातेलं निघालं. तिला परत दिलं तेबी मूठभर ज्वारी घालूनच दिलं. ती मला म्हनली, बाई, ह्यात बी? म्या म्हनलं, ह्यात बी.’ त्यांनी वाकडा हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्यानं तो दाबत राहिल्या. ‘ह्या हातानं वाती तेवढ्या व्हत्यात. तेवढ्या बी नगं म्हनलाव. नुसतं घ्यायचं, द्यायचं काय न्हाय, त्याला काय म्हनत्यात, तुमीच सांगा.’

मला लाज वाटली, सरळ सांगते. चहा त्यांनी डाव्या हातानं केला, सांडला, पुसला, आणि आम्हाला पूर्ण कप दिला. स्वतः घेतला नाही, दूध तेवढंच होतं.

डबा त्यांनी घेतला नाहीच. आम्ही तो तसाच घेऊन परत आलो. कुसुमताईंनी शेडमध्ये येऊन ओल्या फडक्यानं फळा पुसला, मला न विचारता.

शेतात

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती. तिकडे तिला येळवस म्हणतात. पुण्यात हा सण कुणाला सांगून कळत नाही. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे आपापल्या शेतात. कडब्याची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांची पूजा होते, आणि मग जेवण. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून बसवतात. त्या दिवशी डब्यांना सुट्टी असते, कारण कुठलंच म्हातारं माणूस घरी राहू दिलं जात नाही.

‘साखरबाई येतील?’ कुसुमताईंच्या शेतात पोचताच मी विचारलं.

‘येळवशीला न्हाय कुणी म्हनत न्हाय,’ कुसुमताई म्हणाल्या, पण भज्जी ढवळताना त्या सारख्या वाटेकडे बघत होत्या.

भज्जी म्हणजे शेतात मिळेल ते सगळं एका भांड्यात: वालाच्या शेंगा, तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, चिंच, वर बेसन. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि मडक्यातली ताकाची आंबील. आंबील थंड आणि लसणाचा ठसका असलेली, पुढे जेवताना मी ती तीनदा मागून घेतली. माझ्या पुण्याच्या पोटाला ती सोसेल का अशी शंका शमीमनं मोठ्यानं व्यक्त केली, सगळे हसले.

कुसुमताईंचे मालक आंबील शिंपडत कोपीभोवती फेरी घालत होते, तेवढ्यात शमीमची स्कूटी बांधावर थांबली. मागे साखरबाई. त्या थेट कोपीपाशी गेल्या, कमरेची पिशवी सोडली, वाती काढल्या आणि देवापुढच्या पणतीत एक घातली. मग येऊन माझ्याच शेजारी बसल्या.

‘वाढा की,’ त्या कुसुमताईंना म्हणाल्या. ‘काय सुतक हाय का?’

जेवताना उद्दिष्टाचं कुणी बोलत नव्हतं. शमीम उंडा मोडता मोडता सहज म्हणाली, ‘मागं एकदा हिचा डबा उंबऱ्यावर ठेवलेला, उचलून आनला तर रिकामा. वात न्हाय, काय न्हाय. मला कसनुसं झालं. परत गेले तर ही न्हाणीत पडलेली. तवाच तर मनगट मोडलं.’

‘लई वरडले व्हते हिच्यावर,’ साखरबाई म्हणाल्या. ‘परत कशाला आलीस म्हनून.’

मी जेवायची थांबले. कुसुमताईही थांबल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

‘ताई,’ मी म्हणाले (मॅडम म्हणवून घेणं तोवर मला जड झालं होतं, म्हणून मीच आधी ताई म्हटलं), ‘डबा रिकामा आला तर तुम्ही काय करता?’

‘शमे जाते बघायला. जमलं तर.’

‘जमलं तर नको. जायचंच, असं लिहू.’

जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि वाक्य घोळवत राहिलो. कुसुमताईंनी माझे दोन मसुदे नापास केले. ‘भेट देणे’ त्यांना आवडलं नाही, भेट पुढारी देतात म्हणाल्या. ‘चौकशी’ म्हटलं तर पोलीस वाटतात. शेवटी ठरलं ते असं: ‘ज्या घरचा डबा रिकामा येईल, त्या घरी त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आमच्यातलं कुणीतरी जाऊन बसून येईल.’ रिकामे किती आले, आणि गेलो किती ठिकाणी, एवढंच मोजायचं. दोन्ही आकडे सारखे आले की झालं.

‘म्हाताऱ्यास्नी सांगायचं न्हाय हे,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘सांगितलं की घरी आजारी असली तरी लिंबू टाकत्याल, आमाला त्रास नको म्हनून.’ मला ते पटलं. आपण मोजायला लागलो की माणसं मोजमापासाठी वागायला लागतात, हे मी दोन दिवसांत बघितलं होतं.

संध्याकाळी साखरबाई निघाल्या तेव्हा कुसुमताईंनी डब्यात भज्जी आणि उंडे भरून पुढे केले. साखरबाईंनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘ह्या मॅडम काय म्हनत्यात?’

‘तुमच्या मनाला येईल ते घाला त्यात, आजी,’ मी म्हणाले.

त्यांनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी तो परत आला. आत वाती होत्या. शमीमनं त्या मोजल्या नाहीत, मीही मोजायला सांगितलं नाही.

येडशी

परतीला येडशीहून रेल्वे. तिथंवर शमीमच्या भावाच्या जीपमधून गेले, तो हडपसरला कंपनीत आहे आणि सुट्टीला आला होता. वाटेत रामलिंगला थांबलो. दर्शन होईतो माकडानं माझी केळी पळवली आणि झाडावर बसून माझ्याकडे बघत सोलून खाल्ली. शमीमचा भाऊ खो खो हसत होता. मी त्या माकडावर मनापासून चिडले, आणि चिडूनही हसले, किती दिवसांनी कोण जाणे.

निघताना कुसुमताईंनी डबा बांधून दिला होता, धपाटे आणि ठेचा. ‘गाडीत खावा. डब्याची घाई न्हाय, हा शमेचा भाऊ येतोय की पुण्याला.’ गाडीत एका बाकावर मी एकटीच होते. बार्शीच्या पुढे डबा उघडला. तामलवाडीच्या त्या बाईसारखं कुणाला तुकडा द्यावा म्हणून इकडे तिकडे बघितलं, पण आसपास कुणी नव्हतं.

पुणे

समितीत ते वाक्य वाचलं तेव्हा चिटणीस म्हणाले, ‘बसून येईल? याला उद्दिष्ट म्हणायचं?’ मी जरा आवाज चढवूनच बोलले. रिकामे किती, गेलो किती, याहून स्पष्ट आकडा तुमच्या कुठल्या अर्जात आहे, दाखवा. दाखवता आला नाही. एका वर्षाची मदत मंजूर झाली. मी कुसुमताईंना फोन केला, त्या नुसतंच ‘बरं झालं बगा, बरं झालं’ म्हणत राहिल्या.

मग माझं नेहमीचं सुरू झालं. सकाळी फिरणं, दुपारी पेपर, रात्री मुगाची खिचडी. मुलगा परदेशातून रविवारी फोन करतो, कधी करत नाही. इथं मी कुणाला काही सांगत नाही, कारण विचारत कुणी नाही.

डबा मी घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवला होता. शमीमचा भाऊ गावी निघाला तेव्हा आठवणीनं त्याच्या हाती दिला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि काम वेळेत झालं म्हणून मला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, चहा ठेवला होता तेव्हा, फोन वाजला. कुसुमताई.

‘ताई, डबा मिळाला.’

‘हो का? बरं झालं. नीट आहे ना?’

‘नीट हाय.’ त्या थांबल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. त्या शेडमधून बाहेर आल्या असाव्यात. ‘रिकामा आला.’

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

‘अहो, मी विसरले,’ मी म्हणाले. ‘इथं असं काही...’

‘व्हय. ते हाय. पर आता संध्याकाळ व्हायच्या आत यायला पायजे ना कुणीतरी. तुमीच लिवलंय.’ मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘पुण्याला यायला जमत न्हाय, म्हनून फोन केला. बऱ्या हाव ना?’

मी बरी आहे म्हणणार होते. ते म्हणायची इतकी सवय आहे की ओठांवर आलंही होतं. पण मला एकदम रडूच आलं.

‘बसा,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘मीबी बसते.’

मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसले. त्या तिकडे बसल्या. बाहेर अंधार पडेपर्यंत आम्ही बसून होतो.